टोलोनेनबाईंच्या तळघरातली करवत

सुतारकामाचं वर्कशॉप जळालं त्या दिवसापासून रसेल मकिनेनच्या हाताला काम नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे कामाची इच्छाच उरली नव्हती. फेब्रुवारीत धुराड्यातून ठिणगी उडाली आणि दुपार कलायच्या आत सगळं खाक झालं, लाकूड, हत्यारं, वडिलांचे रंधेसुद्धा. त्याच्या विजेच्या करवतीचं बिडाचं टेबल आगीत असं तडकलं होतं की ते भंगारवाल्यानंही तोंड वाकडं करूनच उचललं. गावानं मदत केली. माणसं जमली आणि उन्हाळ्यात नवी शेड उभी राहिली. रसेल रोज त्या रिकाम्या शेडमध्ये जाऊन उभा राहायचा. मग बाहेर येऊन आपल्या गाडीत बसायचा. गाडी चालू करायचा नाही, नुसता बसायचा.

त्याची बायको कॉलीन शाळेची बस चालवायची. सकाळी ती निघताना तो गाडीत बसलेला असायचा आणि पोरं सोडून परत येईपर्यंत तिथंच असायचा.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला, तसा कॉलीनचा भाऊ क्लाइड येऊन रसेलची बंदूक मागून घेऊन गेला. "माझ्या बंदुकीची दुर्बीण बिघडलीय रे. एवढा मोसम तुझी दे." रसेलनं मुकाट्यानं दिली. क्लाइडच्या दुर्बिणीला काही झालेलं नाही हे त्याला ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक आहे हे कॉलीनलाही कळलंय, तेही त्याला दिसत होतं. तिघांपैकी कुणीही त्यावर अवाक्षर काढलं नाही.

मग एका रविवारी कॉलीन चर्चमधून बातमी घेऊन आली. तळ्यापलीकडच्या टोलोनेनबाई नवऱ्याची करवत विकतायत. छोटी उचलून न्यायची नव्हे, खालून बंद पेटीची, कारखान्यात असते तसली जड.

"बघू कधीतरी," रसेल म्हणाला.

"बघू नाही. तू आज जा, नाहीतर मी जाते आणि मला कळेल ती घेऊन येते. मग बोंबलू नकोस."

तिच्या आवाजात दटावणी होती, पण कोटाची बटणं तिनं चुकीच्या काजांत घातली होती. ते बघून रसेल उठला. बाहेर क्लाइड ट्रेलर जोडून आधीच उभा होता. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवणारा, अस्वलासारखा गडी. "सहज आलो होतो," तो म्हणाला.

टोलोनेनबाई ऐंशीच्या पुढच्या. कमरेत वाकलेल्या, अंगात गेलेल्या नवऱ्याचा लोकरी शर्ट. दार उघडताच म्हणाल्या, "बूट काढा. मशीन न्यायला आलात म्हणून माझी फरशी काही रस्ता होत नाही. न्यायच्या वेळी घाला परत." कॉफी झाली, मांस-बटाटा भरून भाजलेल्या पास्टी खाऊन झाल्या. क्लाइडनं दोन हाणल्या. रसेलनं अर्धीही संपवली नाही.

करवत तळघरात होती. वरून जुनी चादर घातलेली. रसेलनं चादर ओढली आणि टेबलावर तळहात टेकला. थंडगार, गुळगुळीत बीड, गंजाचा एक ठिपका नाही. वॉल्फ्रेड टोलोनेननं मरेपर्यंत त्याला मेण लावलं असणार.

"चालू कर," बाई जिन्यावरून म्हणाल्या. "तो गेल्यापासून मी आवाज ऐकला नाही."

त्यानं बटण दाबलं. मशीन आधी कण्हलं, मग एका सुरात गुणगुणायला लागलं. कोपऱ्यात मेपलचा एक तुकडा पडला होता, तो त्यानं पात्यावर सरकवला. लाकूड लोण्यासारखं चिरलं आणि त्याचा गोडसर वास नाकात शिरला. रसेलनं चिरलेली दोन्ही टोकं जुळवून बघितली. ही मला हवी. किती महिन्यांनी त्याला काहीतरी हवंसं वाटलं होतं. त्यात आनंदापेक्षा भीतीच जास्त होती, कारण जे हवंसं वाटतं ते जातं, हे तो शिकून बसला होता.

बाईंनी सांगितलेली किंमत त्यानं घासाघीस न करता दिली आणि दोघं कामाला लागले. पातं काढलं, टेबलाच्या दोन्ही बाजूंना जोडलेले पंख काढले, बोल्ट सोडून टेबल उतरवलं आणि एकेक करून वर नेलं. उरली खालची पेटी आणि तिच्या पोटातली मोटर. मोटर काढल्याशिवाय पेटी जिन्यावरून न्यायची नाही, हे त्या धंद्यातल्या कुणालाही कळतं. पण मोटरचा शेवटचा बोल्ट जाम झाला होता. पाना घसरून रसेलची बोटं सोलवटली, पण बोल्ट हलेना.

"तेल सोडून ठेवू," क्लाइड म्हणाला. "उद्या येऊ, लोण्यासारखा निघेल."

"उद्या नाही."

"अरे बर्फ पडायला लागलाय, घाई कसली?"

"आज," रसेल म्हणाला. "आज नाही नेली तर मी परत येणार नाही, क्लाइड. उद्याचं मला काही सांगू नकोस."

क्लाइडनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि तो ट्रेलरमधून ढकलगाडी, पट्टा आणि दोर घेऊन आला.

पेटी ढकलगाडीवर आडवी टाकून पट्ट्यानं आवळली. वरून क्लाइड दोर ओढणार होता. खालून ढकलायची गरज आहे की नाही, याचा विचारही न करता रसेल खाली जाऊन उभा राहिला. ओझ्याच्या खाली माणूस कधी उभा राहत नाही. हे त्यानं हाताखालच्या माणसांना आयुष्यभर बजावलं होतं.

"तू बाजूला हो ना," क्लाइड वरून ओरडला.

"ओढ तू."

एकेक पायरी करत पेटी निम्म्या जिन्यापर्यंत चढली. तिथं लाकडाची एक पायरी कडकन मोडली. ढकलगाडीचं एक चाक त्या भोकात गेलं, गाडी पिळवटली आणि सगळं धूड मागं घसरून रसेलवर आलं. त्याचा डावा पाय पायऱ्यांमधल्या फटीत अडकला, खांदा पेटीखाली आणि पाठ भिंतीला. घोट्यात काहीतरी मोडल्याचं त्यानं ऐकलं. दुखणं नंतर आलं.

वर क्लाइड स्वयंपाकघराच्या दारात बसकण मारून, दोन्ही पाय चौकटीला रोवून मागं रेलला होता. दोर त्याच्या पाठीभोवती गुंडाळलेला. तो ओढू शकत नव्हता आणि सोडूही शकत नव्हता.

"रस! आहेस का? रस!"

"आहे."

"निघ तिथून!"

"पाय अडकलाय."

"वोय वोय," करत टोलोनेनबाई फोनकडे धावल्या. परत आल्या त्या तोंड पाडून. महामार्गावर अपघात झाला होता आणि अँब्युलन्स तिकडे गेली होती. गावातली अग्निशमनवाली माणसं जंगलात शिकारीला. "येतील म्हणाले. कधी ते सांगत नाहीत." मग त्या क्लाइडला म्हणाल्या, "सोडू नकोस हं. मी काहीतरी आणते," आणि तशाच परसातल्या शेडकडे गेल्या.

जिन्यात दोघंच उरले. पेटी दर श्वासाला केसभर खाली येत होती, निदान रसेलला तसं वाटत होतं. छाती पुरती फुगवता येत नव्हती. बिडाचा, ग्रीसचा वास नाकाशी.

"हात सुटत चाललेत माझे," क्लाइड म्हणाला. आवाज रडवेला. "कॉलीन मला जिवंत सोडणार नाही. एकच काम सांगितलं होतं तिनं, ह्याच्याबरोबर राहा म्हणून."

"माहितीय."

"काय माहितीय?"

"तुझी दुर्बीण चांगली आहे."

वरून क्लाइडच्या धापा ऐकू येत होत्या. मग तो हळूच म्हणाला, "रस, तू मुद्दाम उभा राहिलास का रे खाली?"

खोटं बोलायलाही श्वास लागतो, आणि तेवढा रसेलजवळ नव्हता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही."

तेवढ्यात पेटी बोटभर सरकली. क्लाइड किंचाळला. रसेलच्या बरगड्यांवर सगळं वजन आलं, आणि त्याच क्षणी त्याच्या अंगातून असा आवाज निघाला की तो आपलाच आहे हे त्याला ओळखू येईना. "सोडू नको! क्लाइड, सोडू नको! मला नाही मरायचं! बाबा रे, धर, धर!" जो माणूस महिनोन्महिने धड बोलत नव्हता, तो लहान पोरासारखा गयावया करत होता.

"धरलंय! मेलो तरी सोडत नाही!" क्लाइड उलट ओरडला. दोर त्याच्या तळहातात रुतून लाल झाला होता.

टोलोनेनबाई बर्फानं पांढऱ्या होऊन परत आल्या. वॉल्फ्रेड ज्यानं होडी पाण्याबाहेर ओढायचा ती कप्पी त्यांच्या हातात होती, दांडा मागंपुढं केला की तार आत घेणारी. दुसऱ्या हातानं त्यांनी एक चौकोनी वासा ओढत आणला होता. जिन्याच्या समोरच घराचं मागचं दार होतं. त्यांनी तो वासा दाराबाहेरून चौकटीला आडवा लावला आणि कप्पी त्याला अडकवली.

"कुठं शिकलात हे?" क्लाइडनं विचारलं.

"शिकायचं काय त्यात? हे धूड खाली गेलं तेव्हा तार सोडायला मीच होते. तो खाली शिव्या घालत होता आणि मी वर. सरक जरा."

तारेचा आकडा हातात धरून त्या क्लाइडच्या बाजूनं जिन्यात उतरल्या. एक हात भिंतीवर, एकेक पायरी चाचपत. रसेलला वर फक्त त्यांच्या पायातले नवऱ्याचे मोठे बूट दिसत होते. ते एका पायरीवर अडखळले, मग सावरले. आकडा पट्ट्यात अडकला. बाई तशाच मागं-मागं वर गेल्या आणि दांडा ओढायला लागल्या. फिनिशमध्ये एक-दोन मोजत होत्या, "यक्सी, काक्सी," आणि पुन्हा "यक्सी, काक्सी", पुढचा आकडा जणू त्यांना येतच नव्हता. तार ताणली, चौकट कुरकुरली. मग ओझं उचललं गेलं. आधी छाती मोकळी झाली, मग खांदा. रसेलनं दोन्ही हातांनी आपला पाय फटीतून ओढून काढला आणि तो पाठीवर घसरत खाली तळघरात जाऊन पडला.

तो तिथंच रडत पडून राहिला. पेटी वर पोचल्याचा आवाज आला, मग क्लाइडचा हुंदका, मग बाई म्हणाल्या, "आता त्याला आण वर. मशीनला घाई नाही."

अँब्युलन्स आलीच नाही. शेजारचे दोघं जंगलातून परतताना दिसले, त्यांना बाईंनी हाक मारली. घोट्याला लाकडाच्या पट्ट्या बांधून रसेल खुर्चीत बसला होता. दुखण्यानं त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तो तिथून सांगत होता, "पेटी पुढं घ्या, चाकांच्या पुढं. वजन मागं गेलं तर ट्रेलर नाचेल. टेबल पालथं, खाली कांबळं."

"ही राहू दे इथं," क्लाइड म्हणाला. त्याच्या हातांना बाईंनी फडकी गुंडाळली होती. "तुला आधी दवाखान्यात नेतो."

"वाटेवरच आहे. घे तिलाही," रसेल म्हणाला. मघासारखा हट्ट आता त्याच्या आवाजात नव्हता. तो विनवत होता.

बर्फ दाट झाला होता. चर्चच्या उतारावर ट्रेलरनं शेपूट हलवायला सुरुवात केली. गाडीची मागची बाजू डावीकडे ओढली गेली. क्लाइडचा पाय ब्रेकवर गेला.

"ब्रेक नको! पाय काढ फक्त. स्टिअरिंग सरळ धर."

"उलटेल रे!"

"नाही उलटणार. हळू. काही करू नकोस, नुसतं धर."

गाडी आपोआप मंदावली. दोन झोके, मग एक छोटा, मग ट्रेलर सरळ झाला. खाली पोचल्यावर क्लाइड उतरून सैल झालेला पट्टा आवळून आला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. "माझी सगळी हयात बर्फात गेली," तो म्हणाला, "पण तुझ्यासारखं गिऱ्हाईक देव कुणाला न देवो."

रसेल हसला. हसताना बरगडीत कळ आली.

दवाखान्यात कॉलीन आधीच पोचली होती. टोलोनेनबाईंचा फोन आल्याबरोबर निघाली होती, चर्चला घातलेला कोट तसाच अंगावर. नवऱ्याला चाकाच्या खुर्चीत बघून तिनं आधी त्याचे केस सारखे केले. मग भावाच्या हातावरचं सुटत आलेलं फडकं परत बांधलं. क्लाइड आत थांबायला तयार होईना. "करवत बाहेर आहे. तिच्यापाशी कुणीतरी नको का?" म्हणत तो बर्फात निघून गेला.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता, दोन बरगड्यांना चीर होती. पाय प्लास्टरमध्ये घालायच्या आधी एक नर्स यादीतले नेहमीचे प्रश्न विचारत होती. औषधं कुठली, ॲलर्जी कुठली, दारू किती. त्याच सुरात तिनं विचारलं, "स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का?"

उन्हाळ्यात गावच्या डॉक्टरनं हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा तो लगेच 'नाही' म्हणाला होता. कॉलीन खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिची पाठ ताठ झालेली त्याला दिसली.

"येतं," रसेल म्हणाला. "फेब्रुवारीपासून."

नर्सनं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली. कॉलीन वळली. तिच्या तोंडावर राग होता, भीती होती, आणि पहिल्यांदाच थोडी सुटकाही होती. ती त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि तिनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"आत्ता ह्या घटकेलाही येतंय?" नर्सनं विचारलं.

रसेलचा पाय ठणकत होता, प्रत्येक श्वासाला बरगडी टोचत होती.

"आत्ता नाही," तो म्हणाला. "पण उद्याचं मला सांगता येत नाही. मला एकट्याला नाही जमत हे."

"ठीक आहे," नर्स म्हणाली. "आज रात्री तुम्ही इथंच राहा. आपण बोलू."

कॉलीननं मान वर न करता त्याचा हात धरला. सोलवटलेल्या बोटांवर तिचा हात पडला तसा तो कळवळला, पण त्यानं हात काढून घेतला नाही.