तारखेसह फोटो

माझ्या वर्कशॉपच्या दाराशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आत येण्याआधी प्रत्येकानं आपला मोबाईल त्यात टाकायचा, मगच पटाशीला हात लावायचा. हा नियम माझा, सरकारचा नव्हे. हातात करवत असताना डोळे दुसरीकडे गेले की बोट गेलंच म्हणून समजा. सात पोरं होती माझ्याकडे. सात मोबाईल दिवसभर त्या डब्यात गुरगुरत पडलेले असायचे, आणि मी त्यांना शिव्या घालायचो.

मी रेमिहिओ कार्कामो. चिलीतल्या चिलोए बेटाच्या किनाऱ्यावर आमची माध्यमिक शाळा आहे, तिथं एकोणीस वर्षं होडी बांधायला शिकवतो. शिकवायचो. बायको, ओफेलिया, जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा तिकडे दक्षिणेला, पुन्ता अरेनासला. वर्षातून एकदा वाढदिवसाला फोन करतो, तोही त्याच्या स्वतःच्या. म्हणजे सकाळी आठला पोरं "मास्तर!" म्हणून ओरडत यायची, दिवसभरात मला हाक मारणारं तेवढंच. दुपारी चारला ती गेली की घरी जाऊन मी चुलीशी बोलायचो. हसू नका, चूल ऐकून तरी घेते.

गेल्या वर्षी शाळांतल्या धंदेशिक्षणासाठी सरकारी अनुदान आलं. आम्हाला रंध्याचं मशीन मिळालं, सायप्रस लाकडाच्या फळ्या मिळाल्या. अट एकच. डिसेंबरात खात्याचं माणूस येणार, पोरांनी बांधलेली अख्खी होडी बघणार, तिच्यावर सरकारी नंबराची पाटी ठोकणार. पाटी बसली की कोर्स आणखी तीन वर्षं चालू. होडी दिसली नाही तर कोर्स बंद.

होडी झाली. काय झाली म्हणून सांगू! सात मीटरची, आणि एकही फळी माझ्या हातची नाही. सगळ्यात अवघड वाकलेल्या फळ्या यास्ना मिल्यालोंकोनं बसवल्या. सतरा वर्षांची पोरगी, हात असे की मला चाळिशीत नव्हते.

खात्याच्या मॅडम गुरुवारी येणार होत्या. आणि उधाण होतं सोमवारी.

आता आमची वर्कशॉपची शेड किनाऱ्यापासून उंचावर. मोठ्या उधाणालाच पाणी तिच्या पायथ्याशी येतं, एरवी होडी चिखलात रुतून बसते. पुढचं तसं उधाण महिन्यानं. आमच्याकडे डिसेंबरात उन्हाळा, तोवर फळ्या सुकून फटी उघडल्या असत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "रेमिहिओ, गुरुवारपर्यंत थांब की जरा."

"साहेब, मी थांबतो. समुद्राला तुम्ही सांगा."

शिवाय आमच्याकडे होडी शेडमध्ये उभी आहे तोवर ती नुसतं लाकूड. पाण्यात तरंगली की होडी. मला वाटलं, मॅडमना तरंगतीच दाखवू, खूश होतील बाई.

सोमवारी मिंगा ठेवली. मिंगा म्हणजे गावानं हात लावायचा आणि ज्याचं काम त्यानं पोटभर जेवू घालायचं. पहाटे उठून मी बटाट्याचे मिलकाव, आमच्या जाड भाकऱ्या, भाजले, सफरचंदाच्या दारूचं पिंप आणलं. गावातला अबेलार्दो आपले बैल घेऊन आला. चाळीसेक माणसं दोराला लागली. असा दिवस मी ओफेलियाच्या पाठीमागे पाहिला नव्हता.

तेवढ्यात यास्ना बाजूला झाली नि तिनं मोबाईल काढला. "मास्तर, एक मिनिट. फोटो घेते."

"फोटो? अगं, मग दोर कोण ओढणार, तुझी आजी?"

"एकच, मास्तर!"

"ठेव तो खिशात! मिंगेत बघे नसतात. धर दोर!"

सगळे खदाखदा हसले. पोरगी लाल झाली. आणखी दोघांनी हळूच काढलेले मोबाईल परत आत गेले. मी म्हटलं, एक, दोन, तीन, आणि होडी खाली सरकली.

ती तरंगली तेव्हा मी रडलो, खोटं कशाला बोलू. तोवर अबेलार्दो तिच्यात चढलासुद्धा. आमच्यात बैल ज्याचे, पहिली फेरी त्याची. समोरच्या बेटावरून बहिणीला घेऊन उद्या येतो म्हणाला, आणि वल्ही मारत गेला. मंगळवारी उत्तरेचा वारा सुटला. बंदर बंद झालं. बंदरवाले एकही होडी हलू देईनात.

गुरुवारी धो धो पावसात उर्रुतिया मॅडम कास्त्रो शहरातून गाडीनं आल्या. तरुण बाई, बूट भिजलेले, हातात ती पाटी. शेडमध्ये भुसा आणि रिकामे ठोकळे.

"होडी कुठाय?"

"समोर. त्या बेटामागे." मी धुक्याकडे बोट दाखवलं.

मॅडमनी धुक्याकडे बघितलं. "बरं, पाण्यात सोडतानाचा फोटो असेल ना? तारखेसह फोटो मिळाला तरी चालेल. नियमात बसतं ते."

मी पोरांकडे बघितलं. पोरांनी खाली बघितलं. यास्ना बुटाच्या टोकानं भुसा उकरत होती.

"सगळं गाव साक्षीला आहे, मॅडम. चाळीस सह्या आणतो, आत्ता."

"मास्तर, माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण फॉर्ममध्ये गावाला रकाना नाही."

"दोन दिवस थांबा. वारा पडेल."

"उद्या माझं विमान आहे." पाटी त्यांनी पिशवीत घातली. बाई वाईट नव्हती. जाताना दोन मिलकाव खाल्ले आणि छान झालेत म्हणाली.

शनिवारी वारा पडला. अबेलार्दो बहीण, दोन कोंबड्या आणि माझी होडी घेऊन आला. मी शिव्या द्यायला म्हणून किनाऱ्यावर गेलो होतो. पण होडीत पाण्याचा एक थेंब नव्हता, मग काय बोलणार? फोटो काढले, पाठवले. पाहणीनंतरची तारीख चालत नाही, असं उत्तर आलं. जानेवारीत कोर्स बंद झाल्याचं पत्र आलं.

सातही पोरांना दुसरीकडे जागा दिल्या. यास्नाला पोर्तो मोन्तला, स्वयंपाकाच्या कोर्सात. तो हात आणि कांदे चिरणार! फेब्रुवारीच्या शेवटी ती बॅग घेऊन निरोपाला आली.

"मास्तर, होडीशेजारी उभे राहा. फोटो काढते."

या खेपेला मी गुमान उभा राहिलो. टोपीसुद्धा काढली.

"हसा की जरा. दात पडलेत का?"

हसलो. त्या दिवशी काढू दिला असतात तर, असं ती एकदा तरी म्हणेल याची मी वाट बघत होतो. म्हणाली असती तर मी भांडलो असतो, मग माफी मागितली असती, मोकळा झालो असतो. पण तिनं मोबाईल खिशात ठेवला. "जेवत जा वेळेवर," एवढं म्हणाली आणि बसमध्ये चढली. तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं. कोर्स सरकारनं बंद केला असं गाव म्हणतं. मी गावाला काही सांगत नाही.

मार्चमध्ये शेडला कुलूप लागलं. माझं सामान घेऊन जा म्हणाले. मी फक्त डबा आणला.

चुलीशेजारी ठेवलाय. सवयीनं घरात आलो की मोबाईल त्यात टाकतो. यास्नानं पहिले दोन रविवार फोन केला. पहिल्याला मी लाकडं फोडत होतो, ऐकूच आला नाही. दुसऱ्याला बोललो, पण काय बोलावं ते सुचेना, पावसाबद्दल बोललो. माफी राहिलीच. त्यानंतर फोन नाही. आता तिची परीक्षा असेल. सात असताना डब्याचं झाकण लागायचं नाही. आता एकच आहे. रविवारी मी लाकडं फोडत नाही, डब्याजवळ बसून असतो.