हनुकिया कोणी फोडली

शाळा सोडल्यापासून मी बाबांच्या पितळेच्या कारखान्यात तुटलेलं पितळ जोडायचं झाळकाम करते. एके सकाळी समोरच्या ज्यू काकू उशीच्या खोळीत पितळी दिव्याचे तुकडे घेऊन आल्या. कपाळावर टाके. आदल्या संध्याकाळी पाच-सहा जण तोंडं बांधून त्यांच्या घरात घुसले होते. काचा, कपाट, काकू, काहीच सोडलं नव्हतं.

"मेनोरा ना ही? जोडते."

"मेनोरा सात फांद्यांची, देवळातली. ही नऊची. आठ दिवसांचे आठ दिवे, नववा त्यांना पेटवायला. हिला हनुकिया म्हणायचं."

"म्हणजे काय?"

"हनुका म्हणजे देवाला वाहणं. शत्रूनं आमचं देऊळ बाटवलं, ते घासूनपुसून परत देवाला वाहिलं. त्यावरून सण, सणावरून हिचं नाव. शब्द मात्र शंभर-सव्वाशे वर्षांचाच. एका बाईनं काढला म्हणतात."

"बाईच काढणार. पुरुषांना नुसतं फोडता येतं."

"ठिणगी, तोंड कमी चालव," दादा लेथवरून हसला.

काकू गेल्या. मी हनुकियाची बैठक उलटी केली. पितळेत चंद्रकोरीच्या आकाराचा खड्डा. आमच्या मोठ्या हातोडीच्या तोंडाचा टवका उडालाय. तिनं ठोकलेल्या प्रत्येक पत्र्यावरची ती कोर मीच कानशीनं घासून काढते. भंगाराच्या तुकड्यावर एक घाव घातला. तीच कोर.

दोन्ही तुकडे दादापुढे आपटले. "काल हातोडी मित्राचं फाटक ठोकायला नेली होतीस ना?"

त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "ती म्हातारी तुझी कोण लागते गं?"

मी सांडशी त्याच्या जबड्यावर हाणली. त्यानं माझी वेणी धरून डोकं कामाच्या बाकावर आपटलं. दात तुटून जिभेवर आला. मी गुडघ्यावर लाथ घातली, तो कोसळला, आणि पडल्यापडल्या हातोडी उचलून खाली सांडलेल्या हनुकियाच्या फांद्यांवर घाव घालायला लागला. मी हात मध्ये घातला. दोन बोटं चेचली.

तेव्हा थांबला.

बाबा धावत आले. "काय झालं?"

"मशीनमध्ये बोटं गेली हिची," दादा म्हणाला. मग माझ्या कानाशी, रडत, "सांगू नको गं. आत टाकतील मला."

हाताला फडकं गुंडाळून मी रस्ता ओलांडला. काकूंनी दार उघडलं.

"आमच्या दादानं केलं," मी म्हणाले. "बाकीच्यांची नावं त्याला माहीत आहेत."

त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग फोन उचलला.

"आधी डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"आधी पोलीस."