उबवणीच्या खोलीबाहेरची बॅटरी

मी बॅटरी बोलतेय. टॉर्चमधली नव्हे, चांगली कपाटाएवढी. अंडी उबवायच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी असते. छपरावरच्या पॅनेलची वीज दिवसभर साठवायची आणि बाहेरची वीज गेली की उबवणी यंत्राला पुरवायची, एवढ्यासाठीच वहिनींनी मला आणलं. घरात त्या थोरल्या, उबवणीचं काम त्यांचंच. तापत्या दुधाकडे ठेवावं तसं त्या माझ्याकडे लक्ष ठेवायच्या.

मग त्यांच्या धाकट्या दिरांनी मला गटात घातलं. आसपासच्या घरांची पॅनेलं आणि बॅटऱ्या एका कंपनीच्या संगणकाला जोडलेल्या. शहरात विजेची मागणी वाढून भाव चढला, की तो आम्हा सगळ्यांना एकदम हुकूम सोडतो आणि आम्ही साठवलेली वीज तारांवर सोडून देतो.

"भावजी, निम्मी तरी राखून ठेवायला सांगा."

"राखली तर पैसे निम्मेच मिळतात, वहिनी. आणि हल्ली वीज जाते कुठे?"

गटाचं सगळं दिरांच्या मोबाइलवर चालायचं. वहिनी अंडी फिरवायला खोलीत गेल्या.

त्या गार संध्याकाळी हुकूम आला आणि मी रिकामी झाले. पाठोपाठ वादळाने विजेचे खांब आडवे केले. यंत्र थांबलं. अंड्यांना आतून टोच पडायला लागली होती, काहींतून चिवचिव येत होती. वहिनींनी घरातल्या रजया, शाली, होतं नव्हतं ते त्यांच्यावर पांघरलं. दीर वीज मागायला शेजारीपाजारी धावले आणि हात हलवत परतले.

"कोणाकडेच नाही, वहिनी. सगळ्यांच्या बॅटऱ्या एकाच वेळी उपसल्यात."

खोली गार पडत गेली. चिवचिव विरळ झाली, मग थांबली. वहिनींनी रजईवरचा हात बराच वेळ उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाचा फोन आला. गटाने काम चोख केलं, शहरात कुठेच अंधार झाला नाही, असं तो म्हणाला. दिरांनी ते खालमानेने सांगितलं.

"शहरात दवाखाने असतील ना?" वहिनींनी विचारलं.

"असतील की."

"मग त्यांचं तरी भागलं." त्यांनी अंड्यांनी भरलेलं घमेलं उचललं आणि परसात खड्डा खणायला गेल्या.

यंत्र नंतर विकलं. खोलीला कुलूप आहे. मी अजून गटातच आहे. माझं नाव काढायचं कोणाला सुचलेलं नाही. हुकूम आला की देते, नाही म्हणणं मला जमत नाही. माझ्यासारखी कोणी तुमच्या घरी असेल, तर तिच्यात किती राखायचं हे मोबाइलवाल्याला एकट्याला ठरवू देऊ नका. यंत्रापाशी जो राबतो, त्यालाही विचारा.

वहिनी आता या बाजूला फिरकत नाहीत.