सलोनीला उचलून आणणारी सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, सुती, जाड विणीची. पानिपतच्या एका हातमागावर माझा जन्म झाला. राजीव आणि सुनेत्रा यांनी मला दिल्लीला, लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये आणले. माझ्यावर पंगती बसल्या, आरत्या झाल्या. त्यांची मुलगी इशिता माझ्यावरच रांगायला शिकली. "काय मजबूत आहे हो!" असे पाहुणे म्हणत. पुढे घरात सोफा आला आणि माझी घडी पलंगाच्या पेटीत गेली, ती वर्षानुवर्षे तिथेच राहिली.

यंदा इशिताला गुरुग्रामपलीकडच्या एका निवासी नेतृत्वशाळेत अकरावीला प्रवेश मिळाला. सुनेत्राने मला तिच्या सामानात ठेवले.

"आई, ही कशाला यार? किती जुनी आहे!"

"असू दे गं. कुठेही अंथरून बसता येतं."

त्या शाळेत दर आठवड्याला एक मुलगी गटाची प्रमुख होत असे. मित्रांनो, इशिताचा नंबर फार लवकर लागला. ती सकाळपासून हुकूम सोडू लागली. तिच्याच खोलीत राहणारी सलोनी सगळ्यांसमोर म्हणाली, "तू लीडर है या थानेदार?" मुली हसल्या. इशिताने घरी फोन लावला. "आई, मला घेऊन जा. इथे माझं कोणी ऐकत नाही."

"रविवारी येते," सुनेत्रा एवढेच म्हणाली.

शनिवारी गट अरवलीच्या टेकडीवर गेला. बसायला म्हणून इशिताने मला पाठीवर बांधून नेले. माझ्यावर सगळ्यांचे डबे उघडले. उतरताना मात्र सलोनीचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला, तिला उभेही राहवेना. शाळेची गाडी खाली रस्त्यावर होती.

"इशिता, आज लीडर तुम हो. बोलो, क्या करें?" सोबतच्या नीला मॅडमनी विचारले.

इशिताने हुकूम सोडायला तोंड उघडले आणि मिटले. ती सलोनीजवळ खाली बसली. "तू बता, कैसे ले चलें? कैसे कम दुखेगा?"

"पैर लटकना नहीं चाहिए," सलोनी कण्हत म्हणाली.

"दरी है ना!" गटातली राधा ओरडली. हिंदीत दरी म्हणजे मीच, सतरंजी.

सलोनीला माझ्यावर निजवून मुलींनी माझ्या कडा धरल्या. उतारावर खालच्या बाजूला जास्त भार येतो. ती बाजू इशिताने घेतली. सलोनी म्हणेल तिथे सगळ्या थांबत होत्या. मध्येच माझी एक कड चर्रकन उसवली. मी घाबरले, पण उरलेल्या धाग्यांनी तग धरला. गाडीत बसवताना सलोनीने इशिताचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा आली. "चल, सामान भरू या."

इशिता माझ्या उसवलेल्या कडेवरून हात फिरवत बसली होती. "आई, पर्समध्ये सुईदोरा आहे का गं तुझ्या?"

सुनेत्राने पर्स उघडली. सामान जागेवरच राहिले.

आता माझ्या कडेला इशिताने घातलेले वेडेवाकडे टाके आहेत. मला ते आवडतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, उसवले असेल तिथे वेळेवर टाका घाला. आम्हाला सांगता येत नाही, पण अंगावर माणूस असताना आम्हाला फाटायचे नसते.