तेजरामची मोटरबोट

तेजरामला पोहता येत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सेक्टरातले लोक त्याला मोठा नावाडी समजतात.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. तेजराम आणि मी, लहानू, दोघंही भंडाऱ्याकडचे, एकाच गँगमध्ये फिटर, क्वार्टरही शेजारी-शेजारी. त्याच्या घरच्यांचा जन्म धानाच्या बांध्यांत गेला, माझ्या घरच्यांचा वैनगंगेत. आम्ही ढिवर, मासे धरणारे. आणि गाव सोडून निघालेल्या ठेकेदाराची जुनी लाकडी मोटरबोट घेतली कोणी? तर तेजरामने!

दर रविवारी शिवनाथ नदीवर तो दोरी ओढून मोटर सुरू करी आणि दोन्ही घरच्यांना फिरवून आणी. माझी बायको चंपा पुढच्या फळीवर बसून पाण्यात हात घाली आणि खळखळून हसे. नवी नवरी असताना मी तिला डोंग्यातून नेलं होतं, तेव्हा काही ती अशी हसली नव्हती. माझा नुसता जळफळाट होई.

होळी झाल्यावर तेजरामने बोट काठावर ओढून ताडपत्रीखाली ठेवली. "बैलावानी राबली बिचारी. आता अक्षय तृतीयेलेच काढू."

"लाकूड सुकून राहिलं, तेजराम," मी म्हणालो. "पाण्यात बुडवून ठेव तिले."

"बुडवू?" तो पोट धरून हसला. "वहिनी, याले माही बोट पाहवत नाही!"

चंपाही हसली. पाहवत नव्हती हे खरंच होतं. पण फळ्यांमधल्या फटीही मला दिसत होत्या, आणि त्या फळ्यांवर माझीच बायको बसणार होती.

सण चार दिवसांवर आला. तेजराम ड्यूटीवर गेल्यावर मी मोटर काढून काठावर ठेवली, बोट लाकडी बल्ल्यांवरून पाण्यात सरकवली आणि आत दगड भरून बुडवली. खोटं कशाला बोलू, ती खाली जाताना जिवाला गार वाटलं.

संध्याकाळी क्वार्टरांची सगळी लाइन माझ्या दारात. तेजरामच्या डोळ्यांत पाणी. चंपा म्हणाली, "एवढी जळन? तुमची बायको म्हनवाले लाज वाटते मले." त्यानंतर तिने अबोलाच धरला. तेजरामला पाण्यात उतरता येईना आणि मी सणाआधी दगड काढेना.

अक्षय तृतीयेला मी बुड्या मारून दगड काढले, बोट वर आणली, पाणी उपसलं. फळ्या फुगून घट्ट बसल्या होत्या. आत थेंब येईना. तेजराम बराच वेळ फळ्या चाचपत राहिला, मग त्याने कपाळावर हात मारला.

"उन्हाळ्यात बंडीचं चाक आमी डबक्यात टाकून ठेवत होतो. अन् बोटीचं मले सुचलं नाही!" त्याने मोटर बसवली आणि सरकून जागा केली. "चाल, आज तू चालव."

चंपा माझ्याकडे तोंड करून बसली होती. मी दोरी ओढली. मोटर खोकली आणि गप्प झाली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मला घाम फुटला. तेजरामचा हात पुढे आला.

"राहू द्या, भाऊजी," चंपा तेजरामला म्हणाली. मग चार दिवसांनी पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली, "तुमाले वल्हवता येते नं?"

मी बोटीत ठेवलेली वल्ही घेतली. बोट आवाज न करता डोहात शिरली. चंपाने पाण्यात हात घातला आणि हसली, तशीच, खळखळून.

तेजराम आपल्याच बोटीत पाहुण्यासारखा बसून माझ्या हातांकडे टक लावून बघत होता. ती नजर मी लगेच ओळखली.

मुद्दामच मी लांबचा फेरा घेतला.