चोरीला न गेलेली सायकल

मी एक जुनी सायकल आहे. मित्रांनो, हे वाक्य वाचून तुमच्या तोंडावर कौतुकाचे हसू आले असेल, तर ते आधी पुसून टाका. जुनी वस्तू बोलू लागली की ती गोडच बोलणार, अशी तुमची समजूत करून देण्यात आली आहे. मी गोड बोलणार नाही. मला राग आला आहे, चांगला मुरलेला राग, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पोलादी नळ्या कापून, तापवून, पितळेने एकमेकींना जोडत. चाकांच्या तारा ओढायला एक बाई होती. ती प्रत्येक तार बोटाने छेडून बघे आणि बेसूर वाजली की तोंड वाकडे करून पुन्हा आवळे. मग मला काळा रंग चढला. दुकानात काचेमागे उभी राहिले तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याचे तोंड माझ्या मडगार्डमध्ये दिसत असे. तोरा होता मला, कशाला नाकारू?

मला एका परिचारिकेने विकत घेतले. सगळे तिला नर्सबाई म्हणत. घरोघर जाऊन बाळंतिणींना तपासायचे, म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायच्या, तान्ह्या मुलांना लस टोचायची, हे तिचे काम. औषधांची पेटी माझ्या कॅरिअरवर मावेना. म्हणून तिने लोहाराकडून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या वाढवून घेतल्या आणि पेटी घसरू नये म्हणून मागे एक वाकडा आकडा बसवून घेतला. दुकानदार म्हणाला, सायकलचे रूप गेले. नर्सबाई म्हणाली, "रूप काय चाटायचंय मला?" मला ती तेव्हाच आवडली.

आम्ही दोघींनी फार काम केले. चढावर ती उतरून मला ढकली, उतारावर आम्ही मोकळ्या सुटत असू. गल्लीत माझी घंटी वाजली की एखाद्या घरात पाणी तापवायला ठेवत आणि शेजारच्या घरातली मुले टोचून घ्यायच्या भीतीने खाटेखाली शिरत. सुट्टीच्या दिवशी ती मला अंगणात उलटी उभी करी, चेनला तेल देई, एकेक तार पुसून काढी. तिचा मुलगा फडके घेऊन शेजारी बसे. तो माझ्या कॅरिअरवर बसून शाळेत गेला आणि माझ्यावरच सायकल शिकला. एकदा वळणावर पडला तेव्हा मी खाली होते आणि तो वर. माझे पेडल वाकले, त्याला खरचटलेही नाही. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. तो मुलगा कोण होता हे तुम्हाला कळावे म्हणून सांगते.

मुलगा मोठा झाला. इमारती बांधू लागला, लोक त्याला मान देऊ लागले. नर्सबाईची नोकरी संपली, गुडघेही संपले. मुलाने स्वतःच बांधलेल्या एका उंच इमारतीत वरच्या मजल्यावर घर घेतले. मला वर नेण्याचा प्रश्नच नव्हता. जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी, मला साखळीने एका नळाला बांधून उभे केले.

बांधून विसरून जातात म्हणजे काय करतात, ते ऐका. आधी हवा जाते. मग हँडलवर ओली पोतेरी लटकू लागतात. मग कुणीतरी सीट काढून नेतो, कुणी घंटीची वाटी नेतो, आणि एक दिवस कचऱ्याची पिशवी तुमच्या गळ्यात अडकवली जाते, कारण खाली ठेवली तर मांजर फाडते. मी तिथे उभी असून कुणालाच दिसत नव्हते. नर्सबाई मात्र अधूनमधून लिफ्टने खाली येई. काठी भिंतीला टेकवून रुमालाने माझे हँडल पुसे आणि धापा टाकत परत जाई.

दुसरा एकच माणूस माझी दखल घेई. इमारतीतल्या गाड्या धुणारा. तो आपली बादली माझ्याशेजारी ठेवी, फडकी माझ्या अंगावर वाळत घाली आणि त्या बदल्यात माझ्या चाकांत हवा भरी. नर्सबाई खाली आली की दोघे गप्पा मारत. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला तीच धावून गेली होती, अर्थात माझ्यावरून.

मग इमारतीला नवा रंग द्यायचे ठरले. जिन्याखालची अडगळ हलवा, असे सगळ्यांना सांगण्यात आले. एका सकाळी नर्सबाईचा मुलगा रखवालदाराला घेऊन खाली आला. माझ्या साखळीची किल्ली त्याच्या आईच्या उशाशी होती. ती मागितली असती तर कारण सांगावे लागले असते. त्याने साखळी कापायला लावली.

"मागच्या नाल्यात टाक," तो रखवालदाराला म्हणाला. "आणि आईनं विचारलं तर चोरीला गेली म्हणायचं."

रखवालदार मान खाली घालून हो म्हणाला. मुलाने मला हातसुद्धा लावला नाही. कपडे खराब झाले असते.

नाल्यात मी अर्धी चिखलात आणि अर्धी बाहेर पडून राहिले. समोर तीच इमारत दिसत होती, नव्या पिवळ्या रंगात. गंज हळूहळू चढतो म्हणतात. मला तो कडकडून चावला. पण त्याहून जास्त चावत होता तो शब्द. चोरीला गेली. मित्रांनो, चोराला निदान मी हवी असते.

मला बाहेर काढले ते ठिणगीने. ती वेल्डिंगचे काम करते. हे नाव तिला धंद्यामुळे पडले की स्वभावामुळे, यावर तिच्या कारखान्यात अजून एकमत नाही. सुट्टी मिळाली की ती सासऱ्यांना बरोबर घेऊन, दुरुस्त करून पुन्हा चालत्या करायला, टाकलेल्या सायकली शोधत फिरे. नाले, भंगाराचे ढीग, बंद गोदामांची आवारे, कुठेही शिरे. सासरे पूर्वी शिंपीकाम करत. ती त्यांना मामंजी म्हणे. मला दोर बांधून वर ओढताना मामंजी घसरले आणि चिखलात फतकल मारून बसले.

"सूनबाई," ते तिथूनच म्हणाले, "हिला वर काढायचंय की मला खाली पुरायचंय?"

ठिणगी हसली नाही. माझ्या अंगाला लोंबणारी कापलेली साखळी ती हातात धरून बघत होती. "ही पडलेली नाही, मामंजी," ती म्हणाली. "हिला कुणीतरी टाकलीय."

तिच्या शेडमध्ये मी अजिबात साथ दिली नाही. कशाला देऊ? तिने रॉकेल ओतले, मी नट सोडला नाही. पेडलची कॉटर पिन ठोकून काढायला गेली तर हातोडी तिच्या अंगठ्यावर बसली. तिने पाना भिरकावला, अंगठा तोंडात घातला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"राग आलाय ना?" ती म्हणाली. "असू दे. पण नट सोड."

आजवर मला सगळे 'बिचारी' तरी म्हणाले होते किंवा 'अडगळ' तरी. रागाला कुणी जागा दिली नव्हती. मी नट सोडला.

त्यानंतर काम पुढे सरकले. तिने गंज खरवडला, पुढचे चाक धरणारा वाकलेला चिमटा सरळ केला, झिजलेले छर्रे फेकून नवे भरले, तारा बदलल्या आणि चाक फिरवून फिरवून त्याचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढला. मामंजींनी नव्या सीटला चामडे शिवले आणि शिवताना सारखी कुरकुर केली, की गिऱ्हाईक कसेही असले तरी माप घेताना निदान सरळ उभे राहते. घंटी दुसऱ्या एका सायकलची लावली, जिचे बाकी काही वाचले नव्हते. एका फाटकाला देऊन उरलेला हिरवा रंग मला दिला. मी चालू लागले. राग मात्र ठिणगीने खरवडला नाही. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

एके दिवशी शेडसमोर गाडी थांबली आणि नर्सबाईचा मुलगा उतरला. त्याला नव्या कार्यालयासाठी जुनी सायकल हवी होती. भिंतीवर टांगायची, पुढे टोपली लावायची, टोपलीत कागदी फुले. जुने काहीतरी दिसले की येणाऱ्यांना आपुलकी वाटते, असे तो ठिणगीला समजावून सांगत होता. त्याने मला सगळ्या बाजूंनी पाहिले. मला वाटले, आता ओळखेल. हिरव्या रंगाच्या एका थराआड त्याला काहीही दिसले नाही. टायर काढून टाकलेत तरी चालेल, तो म्हणाला, चालवायची थोडीच आहे.

ठिणगी नाही म्हणणार होती, तिच्या जबड्यावरून कळत होते. तेवढ्यात गाडीचे मागचे दार उघडले. आत बसून उकडत होते म्हणून नर्सबाई काठी टेकत सावलीला आली. आधाराला म्हणून तिने माझ्या कॅरिअरवर हात ठेवला. हात सरकत मागे गेला आणि त्या वाकड्या आकड्यावर थांबला.

"ही तुला कुठं मिळाली, पोरी?" तिने विचारले.

"नाल्यात," ठिणगी म्हणाली. "त्या उंच पिवळ्या इमारतीमागं. साखळी कापून टाकली होती."

"चोरांना नकोशी झाली असेल, आई," मुलगा घाईने म्हणाला.

"म्हणून आपल्याच इमारतीमागं टाकली?"

तो फोन काढून बघू लागला. नर्सबाईने जन्मभर लोकांचे चेहरे बघून दुखणे कुठे आहे ते ओळखले होते.

"नको होती तर मला सांगायचंस," ती म्हणाली. "मी दिली असती कुणाला तरी."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. ते माझं मी बघितलं असतं. पण त्या गाड्या धुणाऱ्याला सगळ्यांनी चोर म्हटलं, त्याला कामावरून काढलं, तेव्हा तू तिथं उभा होतास. तेव्हा तरी तोंड उघडायचं."

मला हे ठाऊक नव्हते. मी नाल्यात पडले होते तेव्हा वर हे घडले होते. नर्सबाईने सायकल गेली म्हणून चौकशी केली. लोकांनी आठवून आठवून सांगितले की गाड्या धुणारा तिच्याजवळ घुटमळायचा, तिच्या चाकात हवा भरायचा. हवा भरणे हा पुरावा झाला. ज्या एका माणसाने मला जपले, तोच माझा चोर ठरला, आणि खरे माहीत असलेला मुलगा गप्प राहिला. त्या क्षणी मला हात असते तर मी काय केले असते, ते लहान मुलांपुढे सांगण्यासारखे नाही.

नर्सबाई शेडमधल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, आधी त्याच्या घरी जायचे, नाहीतर मी इथून उठत नाही. घर तिला माहीत होतेच, तिने ठिणगीला वाट सांगितली. ठिणगीने मला काढले आणि गाडी आमच्यामागून, आमच्याच चालीने, हॉर्न न वाजवता आली.

तो माणूस मंडईमागच्या एका खोलीत राहत होता आणि आता पोती उचलत होता. नर्सबाई त्याला म्हणाली, चूक आमच्या घरची आहे, ही सायकल आता तुझी.  सवयीने त्याने अंगठ्याने माझे टायर दाबून पाहिले.

"नको, बाई," तो म्हणाला. "हिच्यावर बसून फिरलो तर लोक म्हणतील, बघा, याच्याकडेच होती."

"मग काय हवं तुला?" मुलाने विचारले.

"जिथं मला चोर म्हटलं, तिथं येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी लोक कामाला निघायच्या वेळी आम्ही सगळे त्या इमारतीच्या फाटकात उभे राहिलो. नर्सबाईने काठीऐवजी माझे हँडल धरले होते. मुलगा पुटपुटला, की सायकल चोरीला गेली नव्हती, ती त्यानेच टाकली होती.

"मागं ऐकू आलं नाही," गाड्या धुणारा म्हणाला.

मुलाला पुन्हा, मोठ्याने बोलावे लागले. कुणी घड्याळात पाहिले. ज्या बाईने सगळ्यात आधी चोर म्हटले होते, ती वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागली. एकानेही माफी मागितली नाही. रखवालदार तेवढा पुढे आला आणि मलाही ठाऊक होते, असे म्हणाला. परत कामावर ये, असे कुणीतरी सुचवले.  गाड्या धुणारा फाटकातून बाहेर पडला आणि मंडईच्या दिशेने चालू लागला.

आता ठिणगी मला चालवते. टाकलेल्या सायकली आणायला माझ्यामागे एक छोटी गाडी जोडली आहे. नर्सबाई कधीकधी शेडमध्ये येऊन बसते आणि रॉकेलमध्ये धुतलेले छर्रे कोरडे करून डब्यात भरते.

मित्रांनो, शेवटी आम्ही वस्तूंनी 'आम्हाला जपा' म्हणायचे असते. मी ते म्हणणार नाही. गरज संपते, हे मला कळते. नको असू तर साखळी सोडा, आम्हाला रस्त्यावर आणा आणि चारचौघांत विचारा, कुणाला हवी आहे का. कुणालाच नको असेल तर खुशाल भंगारात घाला. पण अंधारात टाकून आमच्या नावाने खोटे बोलू नका. ते खोटे आमच्याबरोबर गंजत नाही. ते माणसांना जाऊन चिकटते.

परवा ठिणगी मला मंडईच्या कोपऱ्यावर उभी करून आत गेली होती. तो माणूस पाठीवर पोते घेऊन समोरून गेला. माझ्याशेजारी दोघे उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "तो बघ, सायकलचोर." मी तिथेच होते, हाताच्या अंतरावर. माणसांच्या बोलण्यात मला मध्ये पडता येत नाही. तुम्हाला येते.