मान टाकणारं झाड

मेलेल्यांचे आत्मे बोलावणाऱ्या बाईंना मिळणार काय होतं? शिंप्याच्या दुकानाची पुढची खोली: रस्त्याकडे दार, उजेड, गिऱ्हाइकांचा राबता. घालायचं होतं ते तांब्याभर पाणी.

शिंप्याची बायको दवाखान्यात नेली त्याच दिवशी वारली, तेव्हा तो गिऱ्हाइकाचा कोट शिवत बसला होता. चौथ्या दिवशी तिच्या कुंडीतलं फिटोनियाचं वीतभर झाड, पांढऱ्या शिरांच्या पानांचं, भुईसपाट झालं. बाई आल्या, झाडात तीच आलीय म्हणाल्या, पाण्यावर काहीबाही पुटपुटल्या, ते कुंडीत ओतलं. तासाभरात एकेक पान उठलं. दुखण्यात ती उशीवरून मान उचलायची, अगदी तसं. शिंपी ओक्साबोक्शी रडला.

मग दर चौथ्या दिवशी तेच. दुकानात पाय ठेवायला जागा नसे. पान हललं की शिंपी हातातली कात्री खाली ठेवी आणि हळूच विचारी, "बरं वाटतंय ना?"

"रुसलीय," बाई डोळे मिटून सांगत. "एकटं टाकलंत म्हणते. खोली माझ्या हवाली करा, माफ करेल. आणि कुंडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही!"

शिंप्याला ते नवं नव्हतं. एकदा उरलेला चहा ओतून त्यानं बायकोचं एक झाड मारलं होतं. तेव्हापासून कुंड्यांना हात लावायची त्याला बंदीच होती.

खोलीच्या कागदावर सही करायच्या दिवशी धाकटी मेहुणी आली. शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या हातात तसलीच कुंडी, तशीच मान टाकलेली.

"भावोजी, हे माझ्या वर्गातलं. चार दिवस कोरडं ठेवलंय."

"ह्यात कोण आलंय?" गर्दीतून कुणीतरी दबकत विचारलं.

"कुणी नाही. आमचे हेडमास्तर अजून ठणठणीत आहेत."

तिनं नळाचं पाणी ओतलं.

"आत्मा परीक्षा देत नसतो!" बाई कडाडल्या.

"नका देऊ. नुसतं बसा."

तासाभरात तेही झाड उठलं.

"पाणी संपलं की पानं लोळतात, मिळालं की ताठ होतात. ताई मातीला बोट लावून बघायची, कोरडी लागली की पाणी घालायची. म्हणून तुम्ही ते पडलेलं कधी पाहिलंच नाही."

बाई पिशवी उचलून निघाल्या. शिंप्यानं कागद बाजूला सारला.

"म्हणजे ती काहीच बोलली नाही?"

"नाही, भावोजी."

"माफसुद्धा...?"

मेहुणीनं नकारार्थी मान हलवली.

मंडळी, नवल दिसलं तर एवढंच विचारा: हे माझ्या घरी, माझ्या हातून होईल का? झालं, तर हात जोडायचं कारण नाही.

बाईंना पुढची गल्ली मोकळी होती. गर्दी जेवायला घरी गेली. किंमत भरली ती एकट्या शिंप्यानं: महिनाभर ज्या बायकोशी बोलत होता, ती त्याच्यापुरती त्या दुपारी वारली.